इंद्रभानबाबांचं दोन घरचं जेवण

मुक्काम मोताळ्याजवळ,
वैशाख शुद्ध दशमी, शके १८५९

तीर्थरूप वामनरावमामांच्या पायांवर भाचा रंगराव याचं डोकं. इकडे सर्व जिवंत आहोत. खुशाल आहोत असं लिहायला अजून चार दिवस जाऊ द्यावे लागतील. तुमचा दमा, मामींचे गुडघे आणि नांदुऱ्याचा कापसाचा भाव, या तिघांची प्रकृती कळवावी. (आमचा कापूस विकून झाला की भावाला बरं वाटू लागतं हे ठाऊक आहे. तरी विचारायची रीत असते.)

यंदाच्या अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, आमच्याकडे जे घडलं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्या कानी जाण्याआधी मीच लिहितो. आमच्या इंद्रभानबाबांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, कारण आमच्या घरी पाहुण्याला पाणी मिळण्याआधी ती ऐकावी लागते. तरी पुन्हा सांगतो. माझे हे पणजोबा एका गाडीनिशी या रानात आले, पळसं तोडून त्यांनी इथे पहिला नांगर धरला, पहिली विहीर खणली, आणि अखेर बैलाला वाचवताना वाघाच्या तोंडी पडले. आजोबांच्या सांगण्यात तो एकटा वाघ होता. वडिलांच्या काळात त्याचं लग्न झालं. माझा चुलतभाऊ शेषराव हल्ली बछडीसुद्धा सांगतो. गाव वसवणारा पुरुष असा मेला असला म्हणजे वंशजांना फारसं काही करावं लागत नाही, आणि आम्ही तीन पिढ्यांनी ते कसोशीनं पाळलं आहे.

दिवाळीपासून शेषरावानं चूल वेगळी केली हे तुम्ही ऐकलंच असेल. (कारण लोणच्याची बरणी. कुणी फोडली ते लिहीत नाही, हे पत्र माझ्या घरी वाचलं जाईल.) छप्पर एक, चुली दोन. मध्यप्रांत आणि वऱ्हाड जसे एका लाटसाहेबाखाली नांदतात, वसूल वऱ्हाडचा, खर्च नागपूरचा आणि तोंडावर साखर, तसे आम्ही नांदतो. शेतं वाटली, बैल वाटले, भांडीही वाटली. राहता राहिले इंद्रभानबाबा. ज्या घरी बाबा जेवतील ते थोरलं घर, असं सारं गाव मानतं. तेव्हा त्यांना सोडायला दोघेही तयार नव्हतो.

आता आखाजीला बाबा जेवतात म्हणजे कडूबा जेवतो. घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, आणि गावातल्या एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे, ही चाल तुमच्याकडेही आहे. आमच्या बाबांच्या पाटावर आधी कडूबाचा बाप बसे, आता कडूबा बसतो. बिचारा अंगानं काडी, स्वभावानं गाय. पितरानं पुरे म्हणायचं नसतं, आणि वाढणाऱ्यानं हात आखडायचा नसतो, एवढे दोनच नियम. एका घरात ते सुखानं नांदतात. यंदा मी त्याला सकाळचं आमंत्रण दिलं, शेषरावानं दुपारचं, आणि कडूबाला नाही म्हणायची सवय नसल्यानं तो दोघांनाही हो म्हणाला.

माझ्या घरच्यांनी, अन्नपूर्णाबाईंनी, मनात एकच धरलं होतं: पितर इथून असा उठला पाहिजे की तिकडे त्याला घासही उतरू नये. पुरणपोळ्या झाल्या, शेवया झाल्या, आंब्याचा रस तर वाटी बाजूला सारून तांब्यानंच ओतला. मीही आग्रहात मागे नव्हतो. कडूबा दर घासाला माझ्याकडे असा पाही की खाटकाच्या दारातल्या बकऱ्यालाही माझी दया आली असती. (बकऱ्याची मला यावी असं लिहायचं होतं. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.) भिंतीपलीकडे शेषरावाच्या घरच्यांना, कोकिळाबाईंना, हे सगळं ऐकू जात होतं. त्यांनी मनात धरलं की इथल्यापेक्षा एक तरी पोळी त्यांच्याकडे जास्त गेली पाहिजे. ती गेली, आणि कडूबा शेषरावाच्या ओसरीवर पाटासकट आडवा झाला. डोळे पांढरे, पोटाचा नगारा, अंगाला दरदरून घाम.

मामा, मग जे झालं ते लिहायला लाज वाटते. तोवर बाबा आमचे म्हणून दोन्हीकडून ओढाओढ चालली होती. आता बाबा तुमचेच म्हणून ढकलाढकली सुरू झाली. शेषराव म्हणे, त्यानं खरं खाल्लं ते तुमच्याकडे. मी म्हटलं, पडला तो तुझ्याकडे. मधे कडूबा कण्हतोय आणि आम्ही दोघं थोर पुरुषाचे वंशज त्याच्या डोक्यावर उभे राहून भांडतोय. इतक्यात रुखमाबाई आत्या ओवा आणि गरम पाणी घेऊन आल्या. त्यांचं वय त्यांनाही माहीत नाही, पण इंद्रभानबाबांना डोळ्यांनी पाहिलेलं आमच्यात तेवढं एकच माणूस उरलं आहे. कडूबाचं डोकं मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "काऊन बे, अजून एक बाबा मारता काय?"

आम्हाला काही कळेना. तेव्हा त्या पाणी पाजता पाजता बोलल्या. "आज्याले कोण्या वाघानं नाही खाल्लं. दोन पोरायनं दोन चुली मांडल्या होत्या. आजा इकडंबी जेवला, तिकडंबी जेवला. कोण्याच सुनेले नाही म्हणू शकला नाही तो. सकाळी गेला. मंग दोघं भाऊ लाजेनं एक झाले. लोकाले काय सांगतील? मंग माह्या बापानं वाघ आणला."

शेषरावाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. ते रसाच्या वाफेनं आलं असं म्हणायची सोय नव्हती, रस थंड असतो. जंगल तोडणारा माणूस दोन पोरं एकत्र राहावीत म्हणून खात खात मेला, आणि आम्ही त्याच्या नावानं दुसऱ्याला मारायला निघालो होतो. कडूबा पहाटे शुद्धीवर आला. आता हिंडतो-फिरतो, ताक पितो, पण आमच्या दारावरून जात नाही.

मामींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. पत्राची वाट पाहतो.

आपला,
रंगराव

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. पितरपाखात बाबांच्या पाटावर बसायला गावात आता कुणी तयार नाही. तुम्ही कुळाबाहेरचे आणि वडीलधारे; तुम्ही या. तुमच्या दम्याला जपूनच वाढू. खीर वाढली की एवढंच म्हणा, "पोरांनो, चूल एक करा." पितराचा शब्द कुणी मोडत नाही. मी स्वतः शेषरावाला म्हणालो असतो, पण थोरल्यानं आधी बोलायचं म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

दुसरा ता. क. शेषरावही तुम्हाला पत्र लिहीत बसलेला मघाशी भिंतीच्या फटीतून दिसला. तोही हेच मागत असेल. त्याला हो म्हणा. फक्त ती एक चूल माझ्या ओसरीवर असावी, एवढं त्या शब्दात घाला.