सॉस आणि सासरे

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून नवं आयुष्य. सासऱ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजायला मी जन्मलो नाही, हे अखेर त्यांनाही पटलं. म्हणजे ते "बरं" म्हणाले. रंगाच्या डब्यांचं रिकामं गोदाम त्यांनी मला वापरायला दिलंय. महिनाअखेर स्वतः येऊन खाऊन बघणार. पसंत पडलं तर गोदाम आपलं, नाहीतर मी परत खिळ्यांत.
मेन्यू: एकच सँडविच. खरपूस ब्रेड, अंडं, उकडलेला बटाटा, कांदा आणि माझा सॉस. फोकस हवा माणसाला.

३ फेब्रुवारी
कामाची वाटणी: मागच्या खोलीत मी आणि सॉस. पुढे तवा आणि काउंटर बायकोकडे. तवा काय, कुणीही सांभाळेल. सॉसमध्ये व्हिनेगर, लिंबू, मीठ, मोहरी आणि बाकीचं गुपित. हिलाही सांगितलं नाही. हिने बोट लावून चाखला आणि बराच वेळ एक डोळा मिटून बसली. भारावली.

४ फेब्रुवारी
गिऱ्हाइकं थोडी, पण दर्दी. शेजारच्या टेलरने एक घास घेतला, तांब्याभर पाणी प्यायला आणि न बोलता निघून गेला. काही अनुभव शब्दांपलीकडचे असतात.
संकल्प: उद्यापासून पहाटे उठणे.

५ फेब्रुवारी
उठलो नाही. कलावंताला झोप लागते.

७ फेब्रुवारी
काळं कुत्रं फिरकलं नाही. ही म्हणते, सॉस वेगळा वाटीत देऊ, ज्याला हवा तो घेईल. मी तिला समजावून सांगितलं की सॉस काढला तर उरलं काय, अंडं आणि ब्रेड! ते घरोघरी मिळतं. ती "बरं" म्हणाली. माहेरचं वळण चांगलं आहे.

८ फेब्रुवारी
चमत्कार! टेलर परत आला. सोबत दोन मित्र. संध्याकाळी सॉसचं पातेलं तळापर्यंत रिकामं. शेवटी चोखंदळ लोकांना दर्जा कळतोच.

११ फेब्रुवारी
रांग लागते आता. टेलर रोज दोन खातो. सॉस पुरत नाही, म्हणून मोठं पातेलं घेतलं. आश्चर्य म्हणजे पातेल्याचा तळ आरशासारखा चकाकतो. शुद्ध घटक वापरल्याचा परिणाम.

१५ फेब्रुवारी
पंख्याचा स्क्रू आणायला सासऱ्यांकडे गेलो. जुने पितळी नळ नव्यासारखे झळझळत होते. म्हणाले, पोरीने कुठूनतरी पॉलिश आणून दिलंय, गिऱ्हाइकं वेडी झालीत. या वयात किती तो उत्साह. दुकानात सॉसचा वास आला. माझ्या कपड्यांना लागलेला असणार.

१९ फेब्रुवारी
दुसऱ्या शाखेचा विचार. तिसऱ्या शाखेचाही केला. त्यामुळे पातेलं घासायचं राहिलं, पण ते आपोआपच स्वच्छ असतं.

२२ फेब्रुवारी
ही बहिणीकडे गेली, दुकान मी एकट्याने सांभाळलं. सॉस सढळ हाताने घातला. टेलरने एक घास घेऊन विचारलं, वहिनी कधी येणार? मग जो तो तेच विचारत होता. शेजाऱ्यांची ही आपुलकी बघून गहिवरून आलं. अर्धी सँडविचं ताटात राहिली. लोक घरून जेवून येत असावेत. सॉस उरला. हवा ढगाळ होती.

२८ फेब्रुवारी, दुपार
सासरे आले. ही म्हणाली, मी करते, तुम्ही बसा. मी तिला बाजूला केलं. हा माझा दिवस होता. सॉस दुप्पट ओतला.
त्यांनी घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. मी कृतार्थ. मग त्यांनी ब्रेड उघडून वास घेतला आणि लेकीकडे बघून हळूच म्हणाले, "पोरी, नळाचं पॉलिश कशाला घातलंस यात?"

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
सगळं बाहेर आलं. ८ तारखेपासून हिच्या हातच्या एकाही सँडविचवर सॉस नव्हता. रोज संध्याकाळी कॅन भरून माहेरी जात होता. सासरे पोट धरून हसले, मग लेकीच्या हातचं बिनसॉसचं खाल्लं, पुन्हा मागितलं. दुकान पास. गोदाम लेकीच्या नावावर.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. पातेल्याशेजारी जाऊन बसलो. ही आली, टेकून बसली आणि म्हणाली, "इतका जीव लावून करत होता तुम्ही. मोरीत ओतवेना मला."
मग थोडं बरं वाटलं.

१ मार्च
सासऱ्यांच्या दुकानात पुन्हा रुजू. पण आता मागच्या खोलीत सॉस करतो. म्हणजे पॉलिश. मागणी प्रचंड. बाटलीवर माझा फोटो छापावा असं सुचवलं. सासरे "बरं" म्हणाले, त्यामुळे ते छापणार नाहीत हे आता मला कळतं.
दुपारी हिने डब्यात सँडविच पाठवलं. सॉस नसलेलं पहिल्यांदाच खाल्लं. चांगलं आहे. टेलरसारखी दोन खाल्ली.
सॉस मुरेपर्यंत वेळ असतो. तेवढ्यात खिळे मोजतो.