अंगठा बाहेर

आये,

तुझ्या गिरणीतलं इंजिन आता आमच्या परसातल्या मांगरात आहे. तेच नव्हे, ते तुझ्या डोळ्यांदेखत भंगारात गेलं. हे त्याचं पोर म्हण हवं तर. दोन्ही बाजूंना बशीएवढी चाकं, मधे अंगुस्तानाएवढा पिस्टन, वर चार चमचे पाणी मावेल असा इवलासा हौद. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून मी टेबल केलंय आणि त्यावर ते बोल्टाने आवळून बसवलंय. तुझं इंजिन बैलगाडीतून उतरवायला वाडीतले सगळे बाप्ये जमले होते. हे मी पदराखाली झाकून नेऊ शकते. तू पाहिलं असतंस तर आधी पोटभर हसली असतीस आणि मग कमरेवर हात ठेवून विचारलं असतंस, "ह्या दळता काय गो?" काही दळत नाही, आये. नुसतं चालायचं, एवढंच त्याचं काम. आणि तेही ते बरेच दिवस करत नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालणं परत आलं, बोलणंही आलं. ह्यांच्या मते जरा जास्तच आलं. पण उजवा हात पुरता परतला नाही. चार बोटं वळतात, आंबे काढायच्या आकडीसारखी अडकतात, ओढतातही. अंगठा मात्र मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा बाजूला बसून राहतो. आणि कात्री म्हणजे सगळा अंगठ्याचाच खेळ. इतकी वर्षं देवगडात माझ्या दुकानात मी पोलकी बेतली, मास्तरणींची, मासे विकणाऱ्या बायांची, लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलींची. आता कापडावर कात्री ठेवली की ती कलंडते. दुकान बंद केलं. हाताच्या व्यायामासाठी कणकवलीला जात होते, तिथली मुलगी गोड होती, दाबायला मऊ चेंडू द्यायची. एक दिवस मी तिला सरळ विचारलं, अंगठा येईल का? ती म्हणाली, "काकी, हाताला आवडीचं काहीतरी काम द्या. चेंडू कुणाला आवडतो?" माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे मला कळलं. घरी येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. हा हात आता दुसऱ्याने सुरू केलेलं काम फक्त दाबून धरणार, स्वतः काही सुरू करणार नाही, ही भीती मला रोज सकाळी दात घासतानाच गाठायची.

मुलाने पुण्याहून खोकं पाठवलं ते त्यामुळेच. लहानपणी माझ्या मशीनच्या पायथ्याशी चिंध्यांत खेळताना त्याने तुझ्या गिरणीच्या गोष्टी इतक्या ऐकल्यात की न पाहिलेली आजी त्याला पाठ आहे. खोक्यात सगळे सुटे भाग, स्क्रू तर पोलक्याच्या हुकांएवढे. जोडायचे आपणच. माहितीचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून वाचायचं काम ह्यांच्याकडे. चष्मा पुसून, घसा खाकरून ह्यांनी पहिलंच वाक्य वाचलं, "हयसर लिवलेला आसा, मोठ्या माणसाच्या नजरेखाली जोडूचा."

"मगे बसा तुमी नजर ठेवन," मी म्हटलं.

आणि खरंच बसले बिचारे. एक स्प्रिंग ह्यांच्या हातून उडाली, ती आम्ही दोघांनी झाडू घेऊन मांगरभर शोधली, आणि ती सापडली ह्यांच्याच सदऱ्याच्या खिशात. पाना डावा हात फिरवायचा, उजवा नुसता वजनासारखा ठेवायचा. दोन भागांच्या मधे बसवायचं कागदाचं गॅस्केट मी डाव्या हाताने ब्लेड धरून कापलं, गळा बेतावा तसं. उजेडात धरून पाहिलं, गोलाई चुकली नव्हती, आणि कितीतरी दिवसांनी मला स्वतःबद्दल बरं वाटलं. मग पिस्टनला तेल लावून तो आत सरकवला आणि तो वास आला. त्या वासाबरोबर तू आलीस.

बाबा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणार. गिरण चालवायला गडी ठेवला होता. एका सकाळी हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं आणि त्याचा अंगठा मोडला. तो हात गळ्यात बांधून गोव्याला बहिणीकडे गेला आणि तिकडचाच झाला. गिरणीला कुलूप लागलं. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन यायच्या, बंद दार बघून मिठबावच्या त्या उन्हातून परत जायच्या. एक म्हातारी मात्र पायरीवर बसूनच राहिली. "गिरण कधी सुरू होतली गो?" तिने विचारलं. तू खळ्यात मिरच्या पसरत होतीस. हात झाडलेस आणि म्हणालीस, "आता."

तू पदर खोचतेस, कुलूप काढतेस, इंजिनावरचा खटका उचलून ठेवतेस, हँडल घालतेस आणि वाकतेस. मी दारात, पालथ्या डब्यावर. मोठी चाकं आधी कुरकुरतात, मग हलतात, मग वेग घेतात. तू खटका पाडतेस, इंजिन धडधडायला लागतं आणि कौलांवरचे कावळे एकदम उडतात. म्हातारी पायरीवरून टाळ्या वाजवतेय. मला तेव्हा वाटलं होतं, आये कशालाच भीत नाही. पण तू भीत होतीस. त्या गड्याचा अंगठा कसा मोडला, याचा विचार तू मिरच्या पसरता पसरता कितीतरी दिवस करत असणार. तो करूनच हँडलला हात घातलास.

पुढे धुराड्याच्या तोंडावर तू पत्र्याचा डबा बसवलास. त्याने आवाज पार लांबच्या वाडीपर्यंत जायचा आणि त्या आवाजावर बायका टोपल्या उचलायच्या. शेवटच्या बाईचं पीठ पडलं की मात्र तू जराही थांबत नव्हतीस. मी म्हणायचे, राहू दे गो थोडा वेळ, ऐकू दे. "रिकामा इंजिन चलवूक तुझ्या बापाशीचा जहाज हा काय?" असं म्हणून तू ते बंद करायचीस. मग जी शांतता पडायची ती मला मुळीच आवडायची नाही. घर एकदम मोठं वाटायचं.

आणि तो फटका. मी शाळेतून आले होते, तू कुणाशी तरी बोलत होतीस, म्हणून मी ऐटीत जाऊन हँडल धरलं. चांगलं घट्ट, मूठ आवळून. कुठून आलीस कळलं नाही, मनगटावर सणसणीत बसली. भरल्या गिरणीत, सगळ्या बायकांसमोर. माझ्या हातावर तुझी पिठाची बोटं पांढरी उमटली. "आंगठो भायर!" तू ओरडलीस. "इंजिन उलटा फिरला तर आंगठो घेवन जायत!" मी भोकांड पसरलं. तू मला उचलून जवळ वगैरे घेतलं नाहीस, ती आपल्याकडे पद्धतच नव्हती. माझा हात धरलास, चारही बोटं हँडलखाली अडकवलीस आणि अंगठा बोटांच्या बाजूलाच, मोकळा ठेवलास. "हात म्हंजे आकडी. अडकवूची आणि खालसून वर ओढूची. वरसून खाली ढकलूची नाय. तेना लाथ मारली तर हात आपोआप सुटाक व्हयो." मी नाक ओढत हो म्हटलं. बाजूची बाई हसली, तिच्याकडेही तू डोळे वटारून पाहिलंस आणि तिचं हसू तिथेच विरलं.

मग ती चतुर्थी. आदल्या दिवशी गिरणीत पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येकीला मोदकांचं पीठ आधी हवं. तू गोणीवर बसलीस, घाम पुसलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आज तू मार." मी मारलं. अंगठा बाहेर, खालून वर. कावळे उडाले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कुणाला वेळ होता! पुढची टोपली पुढे आली आणि तू उठून गिरणीच्या तोंडात तांदूळ ओतायला लागलीस. शाबासकी नाही, काही नाही. तेवढ्यावरूनच मला कळलं की मी आता कामाची झाले. पुढे तू मला शिवणयंत्र घेऊन दिलंस, हाताने फिरवायचं, तेव्हाही त्याचा दांडा मी तसाच धरला आणि तू खूप हसलीस. "घट्ट धर गो, ह्या लाथ मारीत नाय!" त्या यंत्रावर माझा संसार उभा राहिला, आये. हे तुला मी कधी नीट सांगितलंच नाही.

तर आमचं हे पोर. जोडून झालं आणि चालू होईना. दांडा काडीएवढा, आणि तो चिमटीत धरून झटका द्यायचा असं पुस्तकात चित्र. चिमूट माझ्याकडे नाही. डाव्या हाताला तो झटका साधेना. ह्यांनी फिरवलं तर एकदा उचकी दिल्यासारखं पुक् करून गप्प.

"आणखी एकदा मारतंय मी," हे म्हणाले. "सुरू झाला म्हणजे झाला मां?"

"नाय. माका माझ्या ह्याच हातान व्हया."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फणसाच्या लाकडाची मूठ तासून आणली, तळहाताला पुरेल एवढी, आणि त्या काडीवर घट्ट बसवली. जावई बरा बघितलास, आये. पण मूठ आली तरी मी आपली चित्रातल्यासारखीच धरू बघत होते. डाव्या हाताने उजव्याचा अंगठा आत दाबायचे, तो सुटायचा, पुन्हा दाबायचे. शेवटी मी वैतागून इंजिनावर फडकं टाकलं आणि मांगराला कडी लावली. ह्यांनाही सांगितलं, विषय काढू नका.

काल सकाळी हे बाजारात मासे आणायला गेले आणि मी नारळ काढायला मांगरात गेले. फडक्याखाली ते बसलं होतं. का कोण जाणे, फडकं ओढलं, टाकीत पेट्रोल घातलं. काही ठरवलं नव्हतं. वाकले, आणि हात आपणहून खाली गेला, चार बोटं मुठीखाली अडकली, अंगठा बाहेर. मी तशीच थांबले. वर्षभर ज्या अंगठ्याची वाट बघत बसले, ज्याच्यासाठी रडले, त्याचं इथे कामच नव्हतं. तो मधे आला असता तर तूच फटका दिला असतास. तू मला शिकवलेली पकड चार बोटांची होती आणि माझ्याकडे चार बोटं होती. मला हसू आलं आणि डोळेही भरले. खालून वर ओढलं. खोकलं. पुन्हा ओढलं, आणि आये, ते चालायला लागलं.

हे तुझ्या इंजिनासारखं सलग बोलत नाही. एकदा पुक् करतं, मग चाकं आपल्याच वेगात सळसळत राहतात, वेग उतरला की पुन्हा पुक्. मधल्या त्या सळसळीत प्रत्येक वेळी वाटतं, आता गेलं, आणि तेवढ्यात ते बोलतं. तोवर बाजारातून हे परतले, पिशवीत बांगडे घेऊन दारात उभे. "अगो, सुरू केलंस?" म्हणत पुढे आले आणि कौतुकाने मुठीला हात घालायला गेले. मी किंचाळले, "आंगठो भायर!" आवाज तुझा होता. आम्ही दोघंही दचकलो.

कात्री अजून कलंडतेच, ते काही बदललेलं नाही. दुकान उघडणार नाही, हेही मी मनाशी मान्य केलंय. पण आज दात घासताना ती भीती आली नाही. जे तू एका फटक्यात शिकवलंस ते इतक्या वर्षांनी, हात अर्धा गेल्यावर, उपयोगी पडलं. मला तुझे आभार मानायचे आहेत. तू होतीस तेव्हा आईचे आभार मानले असते तर तूच विचारलं असतंस, ताप आलाय काय गो?

हे पत्र उजव्या हाताने लिहितेय, पेन दोन बोटांच्या मधे खोचून, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायांचं. तुझ्याकडे पोचायची सोय नाही, तेव्हा इंजिनाच्या रिकाम्या खोक्यात घडी करून ठेवीन. मुलाला कधी सापडलं तर वाचील आणि हसेल.

एक मात्र कबूल करते. काल मी ते बंद केलं नाही. हे दोनदा म्हणाले, "आता पुरे कर गो," तरी नाही. बांगडे तसेच ठेवले, पालथ्या टोपलीवर बसले आणि टाकी कोरडी होईपर्यंत चालू दिलं. दळायला काही नव्हतं, दारात कुणी टोपली घेऊन उभं नव्हतं. रिकामंच चालवलं, आये. मला ऐकायचं होतं.