मंडईचं अ‍ॅप, प्रॉडक्शन रेडी

८ सप्टेंबर, सकाळ १०.१०
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी विचारलं की कुडव्यातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून इंद्रकुमारनं एवढं मोठं काम कसं उभं केलं, तर पुरावा पाहिजे.

तीन दिवसांत अ‍ॅप तयार. मी कोडची एक ओळ लिहिली नाही. एआयला सांगत गेलो, तो बनवत गेला. नाव 'मंडई बुकिंग'. दिवाळीनंतर आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की गावाला नाटक लागतंच. नाटकवाल्यांच्या मागे फिरून समितीच्या अध्यक्षांच्या चपला झिजतात. आता बटण दाबा, नाटक पक्कं. वडशाचे नाट्यमंडळवाले भोजराजभाऊ लगेच तयार झाले. तारखांची त्यांची जुनी वही मी त्यांना चुलीत टाकायला लावली. दोन-दोन हिशेब नकोत म्हटलं.

शेवटी एआयनं लिहिलं, तुमचं अ‍ॅप प्रॉडक्शन रेडी आहे, म्हणजे लोकांना वापरायला द्या. सोबत हिरवी टिक. विषय संपला.

११ सप्टेंबर
पहिलं बुकिंग घरचंच. माझे सासरे चुन्नीलालजी, म्हणजे मामाजी, दवनीवाड्याच्या मंडई समितीचे अध्यक्ष आहेत. ७ नोव्हेंबरला त्यांनी भोजराजभाऊंचं नाटक घेतलं. टच फोन त्यांना मीच शिकवला. सुरुवातीला स्क्रीन अशी दाबत, जसा खाटेवरचा ढेकूण मारून राहिले.

यंदा मंडईला माझ्या साळीला, म्हणजे बायकोच्या बहिणीला चेतनाला, पाहायला पाहुणे येणार आहेत. मामाजी म्हणाले, जवाईबापू, माझी इज्जत तुमच्या हातात आहे. मी म्हटलं, हातात नाही मामाजी, क्लाउडमध्ये आहे. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं.

१४ सप्टेंबर
चेतना आली. नागपुरात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पाच मिनिटं अ‍ॅप खाली-वर करून पाहिलं. मला वाटलं, भारावली. मग तिनं लिंकच्या शेवटचा आकडा बदलला आणि दुसऱ्याच गावाचं बुकिंग उघडून दाखवलं. म्हणाली, भाऊजी, हे कोणीही उघडेल, कोणीही रद्द करेल. तुमचं लॉगिन नुसतं फाटकावर आहे, आतल्या एकाही खोलीला कडी नाही. आणि एका तारखेला एकच गाव, हे तुम्ही डेटाबेसला सांगितलंच नाही. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांनाही पक्कं. हा नमुना आहे, तीन आठवडे द्या, नीट करते.

तीन आठवडे! तीन दिवसांच्या कामाला! डोकं असं सटकलं की हातातला माऊस भिंतीवर हाणला. त्याचे दोन तुकडे झाले, एक उडून गिऱ्हाइकाच्या नव्या काचेला लागला. चेतनाला स्पष्ट सांगितलं, आकडा बदलणं ही चीटिंग आहे, शरीफ माणूस आकडा बदलत नाही.

१५ सप्टेंबर
ठराव. एक, रागावर ताबा. दोन, सिक्युरिटी आजच.

एआयला म्हटलं, सिक्युअर कर. चाळीस सेकंदांत झालं. वर उजवीकडे सोनेरी कुलपाचं चित्र आलं. चेतनाला फोटो पाठवला. तिनं कपाळावर हात मारल्याचं चित्र पाठवलं. जळून राहिली.

२ ऑक्टोबर
तारीख उलटी दिसते म्हणून भोजराजभाऊंची तक्रार. एआयनं तारीख नीट केली तर गावांची नावं गेली. नावं आणली तर मंडळातल्या सगळ्यांचे फोन नंबर लोकांना दिसू लागले. नायिकेचाही. एआयला शिव्या दिल्या, त्यानं माफी मागितली. अजून दिल्या, अजून मागितली. एवढी माफी मागणाऱ्याला मारायचं तरी कुठं? टेबलावरच बुक्की घातली. करंगळी सुजली. बायको रेणू हळद लावत म्हणाली, काऊन स्वतःलेच मारून राहिले?

नायिका चंदाबाईंचा फोन आला. एका दिवसात बावन्न पुरुषांनी फोन केले म्हणे. दिसशील तिथं चपलेनं हाणीन, म्हणाल्या. कलावंत तापट असतात.

२९ ऑक्टोबर, दुपार २.१५
किरकोळ अडचण. सडक अर्जुनीकडच्या एका गावाचे अध्यक्ष शालीकराम यांनाही ७ नोव्हेंबरचं नाटक पक्कं झालंय. मामाजींनी बटण दाबलं त्याच क्षणाला त्यांनीही दाबलं होतं. लाखात एकदा होतं असं. त्यात चेतनाची काळी जीभ.

भोजराजभाऊंच्या स्क्रीनवर एका तारखेला एकच ओळ दिसते. कधी हे गाव, कधी ते. वही पाहिली असती त्यांनी, पण वही चुलीत.

सायंकाळ ६
शालीकरामचा पुतण्या गुड्डू यानं लिंकचा आकडा बदलून दवनीवाड्याचं बुकिंग रद्द केलं. मी परत चालू केलं. त्यानं परत रद्द केलं. अकरा वेळा. शेवटी एआयला म्हटलं, वाद मिटव. त्यानं दोघांनाही पक्कं केलं आणि रद्द करायचं बटणच काढून टाकलं. याला म्हणतात डोकं. मामाजींना सांगितलं नाही, उगाच टेन्शन कशाला?

७ नोव्हेंबर, सकाळ ९
आज मंडई. नाटकाचा ट्रक आणायला मामाजींसोबत हायवेला जातोय. अर्जुनीवाले आले तर समोरासमोर बसून दहा मिनिटांत मिटवतो. माझं बोलणं लोकांना पटतं.

८ नोव्हेंबर, दवाखाना
उजवा हात प्लॅस्टरमध्ये. डाव्यानं लिहून राहिलो.

काल चारच्या सुमारास शालीकरामच्या माणसांनी धाब्यासमोर ट्रक अडवला. आमची पिकअप पोचली, मागून दवनीवाड्याच्या दोन मेटॅडोर. शालीकरामनं मोबाईल दाखवला, हिरवी टिक. मामाजींनी मोबाईल दाखवला, हिरवी टिक. तुम्हा दोघांचंही बरोबर आहे, असं मी मध्ये उभा राहून समजावत होतो, तेवढ्यात पहिली काठी पडली.

मग कोण कोणाला हाणून राहिला, पत्ताच नाही. मांडवाचे बांबू, लोखंडी खुर्च्या, धाब्याची बाज, हाताला येईल ते. भोजराजभाऊंचे समोरचे दोन दात गेले. गुड्डूचा कान फाटला. खलनायकाचं काम करणारा माणूस चाळीस किलोचा. त्याचीच लाकडी तलवार हिसकली आणि ती मोडेस्तोवर त्याला झोडला. हार्मोनियमवर कोणाचं तरी डोकं आपटलं, तर ती वाजली. चंदाबाईंनी एवढ्या गर्दीत मला बरोबर शोधलं. दोन चपला, दोन गाल. बाई शब्दाची पक्की.

दवनीवाड्याच्या एकानंही मला हात लावला नाही. गावच्या जवायाला मारत नाहीत. त्यांच्यातल्याच बकारामनं माझ्यावर काठी उगारली, मी कोण ते आठवलं, दात-ओठ खाल्ले आणि तीच काठी ट्रकच्या ड्रायव्हरला हाणली. पण शालीकरामच्या गावाचा मी कोण? त्यांनी मला डांबरावर पाडलं, हात मागं पिळला, काडकन आवाज आला. वरून बांबू येताना दिसला. मी डोळे मिटले. बांबू लागलाच नाही. डोळे उघडले तर मामाजी माझ्यावर पालथे पडलेले. पांढरी टोपी लाल. नऊ टाके. बासष्ट वर्षांचा माणूस.

पोलीस येईस्तोवर मंडळाची वाटणी झाली होती. त्यांच्याकडे नायक, नायिका आणि लाइट. आमच्याकडे खलनायक, तबला आणि अर्धा पडदा.

तांत्रिक नोंद: एवढ्या धुमश्चक्रीत सर्व्हर एकदाही बंद पडला नाही.

१० नोव्हेंबर
रेणूनं सगळं सांगितलं. त्या दिवशी खलनायकानं सुजल्या तोंडानं एकट्यानं नाटक केलं. नायिकेला पळवून न्यायचा प्रवेश आला, तर पळवायला कोणीच नाही. लोकांनी खुर्च्या फेकल्या. चेतनाचे पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. सासूबाई सावित्रीबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. हे सांगताना रेणूनं स्टीलचा गिलास माझ्या दिशेनं फेकला. नेम चुकला, प्लॅस्टरला लागला.

मामाजी शेजारच्या खाटेवर. आज म्हणाले, जवाईबापू, तुमच्या मशीननं दोघायले हो म्हटलं, समजलं. मशीनच ते. पण तुमाले नऊ दिवस आधी मालूम होतं. मले काऊन नाही सांगितलं?

मी म्हटलं, नेटवर्क नव्हतं.

ते कूस बदलून झोपले. माझं जेवण मी तसंच परत पाठवलं. दवाखान्याची डाळच तशी.

२४ नोव्हेंबर
चेतना तीन आठवड्यांची सुट्टी काढून माझ्या दुकानात बसून राहिली. भोजराजभाऊ समोरच्या दोन दातांविना तारखा आठवून सांगतात, ती आधी कागदावर लिहून घेते. पहिल्याच दिवशी तिनं सोनेरी कुलूप काढून टाकलं. निम्मं अ‍ॅप पुसलं. रोज बॅकअप घेते. एक ओळ बदलली की सगळं पुन्हा तपासते. एवढा संशयी स्वभाव बरा नाही.

म्हणाली, भाऊजी, चित्र काढून कुलूप लागत नाही. मी म्हटलं, पायाभरणी माझीच आहे. ती म्हणाली, तीच तर खणून राहिली.

१३ डिसेंबर
चेतनानं गुड्डूलाच बोलावलं. कानाला पट्टी होती त्याच्या. म्हणाली, फोड हे, दोन दिवस देते. त्यानं आकडे बदलले, दोन मोबाईलवरून एकदम बटणं दाबली, भावाला बसवलं. काही झालं नाही. दुसरं बुकिंग आलं की अ‍ॅप तारीख भरली म्हणतं आणि गप बसतं. गुड्डू हात जोडून गेला. शत्रूनं हात जोडावेत असं अ‍ॅप बनवलंय आपण.

२१ डिसेंबर, सकाळ ११
आज अ‍ॅप परत सुरू. प्लॅस्टर निघालं. ठराव: कुलूप परत लावणे, चेतनाला मोठ्या मनानं माफ करणे.

११.२०
उघडलं. माझा नंबर टाकला. स्क्रीनवर आलं, तुम्हाला परवानगी नाही. लिंकचा आकडा बदलून पाहिला. परवानगी नाही. दुसरा बदलला. नाही.

चेतनाला फोन करून ओरडलो की तुझ्या अ‍ॅपमध्ये गडबड आहे, मालकालाच आत घेत नाही. ती म्हणाली, गडबड नाही भाऊजी. कोणाला आत घ्यायचं ती यादी आता त्या-त्या गावच्या अध्यक्षांकडे असते. दवनीवाड्याच्या यादीतली तुमच्या नावासमोरची टिक बाबांनी काढली. स्वतःच्या बोटानं, हळूच, एकदाच दाबून.