चिमासाठी अकरा कोंबडे

२० नोव्हेंबर १९८५, बुधवार

प्रौढशिक्षणाच्या बाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहा, नाहीतर अक्षर विसराल. आज लिहायला कारण आहे, आनंदाचं. लवूचं मुंबईहून पत्र आलं. मी एकटीने वाचलं. दोनच जोडाक्षरं शेजारच्या कमळाला विचारली. मे महिन्यात तिघं येतात. लवूला रजा चार दिवस. पण सुनेने खाली लिहिलंय, चिमा काही खात नाही, तुमच्याकडे जेवली तर शाळा उघडेपर्यंत तिला तिथेच ठेवते.

म्हणजे महिनाभर माझी! नात सात वर्षांची झाली, आणि सगळे मिळून सात दिवस काही आम्ही एकत्र राहिलो नाही. मासे तिला चालत नाहीत, काटे लागतात. कोंबडी आवडते. ठरलं तर मग.

२२ नोव्हेंबर

पालीच्या बाजारात ब्रॉयलर कोंबडी आलीय. पांढरीफेक. दोन महिन्यांत कापायला तयार. दोन महिन्यांत आमचा लवू मान धरायला शिकला नव्हता. वाडीतला आत्माराम मुंबईच्या गिरणीतून रिटायर होऊन आलाय, पेपर वाचतो. म्हणाला, काकी, इंजेक्शनं टोचतात त्यांना, हार्मोनची. हार्मोन म्हणजे काय रे? तर म्हणे, सायकलच्या पंपासारखं, आतून फुगवतं. खाणारा पण फुगतो, बायांना मिशा फुटतात. त्याच्या बायकोला आहेत थोड्या, पण ती तर माळकरी. विचारायचं राहिलं.

चिमाला ते नकोच. गावठी विकत घ्यावी तर एका कोंबड्यात माझं महिन्याचं तेलमीठ जाईल. म्हणून घरचीच करणार. आज खुडूक कोंबडी बसवली. अंडी अकरा, जोडीने ठेवू नयेत. अकरा कोंबडे, मेचे दिवस एकतीस. दर तीन दिवसांनी एक कापला तरी एक उरतो.

१३ डिसेंबर

आठ पिल्लं निघाली. काय गोड! तीन अंडी गार. बरंच झालं, अकरा जणांच्या मागे कोण धावणार होतं?

२ जानेवारी १९८६

घारीने तीन नेली. एकदम नाही, शिस्तीत, रोज एक. उरलेल्यांना दाणे जास्त मिळतील.

१९ जानेवारी

मुंगूस. दोन. कमळा म्हणते, काकी, खुराड्याला दार लावा की! दार आहे. बिजागरी नाही. तिच्या नवऱ्याला, रघूला, दिवाळीत सांगितलंय. रघू स्वभावाने फार चांगला. नाही म्हणत नाही. येतही नाही.

९ मार्च

वाडीत कोंबड्यांची मर आली. दोन गेले. तिसरा तांबडा, त्यानेही मान टाकलीय. चोचीत हळद-लसूण घातला. गणपतीपुळ्याच्या बाप्पाला बोलले, हा जगला तर जन्मभर मंगळवार धरीन, त्या दिवशी घरात कोंबडीमासळी शिजणार नाही.

१२ मार्च

आरवला! मी रडले आणि शेजारी जाऊन गूळ वाटला. एकुलता एक, पण असू दे. लवूही एकुलताच, त्याचं काय अडलं?

३ मे, शनिवार

आले! चिमा म्हणजे नुसती शेवग्याची शेंग. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, आजी, कोंबडी कधी? मी सांगितलं, आज शनिवार, मारुतीचा वार. उद्या एकादशी. परवा सोमवार. मंगळवार माझ्या नवसाचा. बुधवारी नक्की. रघूलाही बुधवारच सांगितला, सुरा घेऊन ये म्हणून.

लवू हसत सुटला. म्हणाला, आये, बुधवारी सकाळी सहाच्या गाडीचं रिझर्वेशन आहे आमचं. मी म्हटलं, तुमचं असेल. चिमा थांबणार आहे. तोवर डाळभात खाईल, भाजी खाईल. आजीच्या हाताला चव असते.

४ मे, एकादशी

भगर दिली, वरून शेंगदाण्याची आमटी. दोन घास खाऊन उठली. प्रवासाचा शीण असणार.

दुपारी कमळाकडे गेली. तिथे ब्रॉयलर शिजलेली. कमळा एकादशीबिकादशी काही मानत नाही. कार्टीने दोन वाट्या ओरपल्या! सुनेला केवढा आनंद. म्हणते, आई, हीच आणून घाला, मी हिला आनंदाने ठेवते. मी साफ सांगितलं, इंजेक्शनवाली माझ्या चुलीवर चढणार नाही. माझा तांबडा बघ, काय तुरा आहे! सून म्हणाली, तुरा खायचाय का आई?

मुंबईची बोली. मनातून पटलंय तिला.

५ मे

चिमाने पडवळ ताटाखाली लपवलंन. मला दिसलं. मी दिसू दिलं नाही.

६ मे, मंगळवार

सून म्हणते, चार दिवसांत पोर अर्धी झाली. तिचे कपडे पिशवीत भरले. लवू म्हणाला, आये, आजच काप ना, बाप्पा काय मोजत बसलाय? मी म्हटलं, बाप्पाने काही मागितलं नव्हतं रे, मीच कबूल केलंय, म्हणून तर मोडता येत नाही. घाबरण्यासारखं काही नाही. सकाळी चिमाच रडून गोंधळ घालेल, जात नाही म्हणेल. मी ओळखते तिला.

७ मे, बुधवार

खिडकीची जागा मिळाली म्हणून चिमा हसत गेली. बरंच झालं. हसत गेलेलं माणूस लवकर परत येतं.

घरी येते तर रघू कापून, साफ करून, निघूनसुद्धा गेलेला. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आला. त्याला नको म्हणून सांगायचं राहिलंच होतं.

आता शिजवणं भाग होतं. दुपारपर्यंत चूल पेटती ठेवली. वास काय सुटला! माझ्या चार दातांना मात्र एक तुकडा तुटेना. रस्सा प्यायले. टोप कमळाकडे पोचवला, पोरांना घाल म्हटलं.

रिकामं भांडं परत देऊ नये. कमळाने धुतलेल्या टोपात आपल्याकडचं काहीतरी घालून दिलंन. झाकण काढलं, ब्रॉयलरचा रस्सा. टाकणार होते. अन्न टाकू नये.

मऊ होतं. चार दातांची मी, चार तुकडे खाल्ले. पोरीने दोन वाट्या खाल्ल्या त्यात काय नवल.