शेवंडीचा झेंडा

रवि. ९ नोव्हें.
ईराला शाळेत रेफराट द्यायचंय, म्हणजे वर्गासमोर उभं राहून भाषण. विषय तिनेच निवडला: त्रिस्तान द कुन्हा. अटलांटिकच्या मध्यावर इंग्रजांचं बेट, विमानतळ नाही, बोटीनेच जायचं. बाबांना मालवणहून इथे जर्मनीत येऊन महिना होत आला, आज पहिल्यांदा खुलले. भूगोलाचे मास्तर ना! ते मराठीत सांगतात, ही जर्मनमध्ये उत्तर देते. तरी दोघांचं मस्त जमतं.
२० तारखेचं बाबांना अजून सांगितलेलं नाही.

मंगळ. ११
दोघांनी बेटाचे झेंडे रंगवले. आधी नुसता इंग्रजांचा, मग सेंट हेलेनाचा उसना. स्वतःचा अगदी अलीकडे मिळाला. निळ्यावर ढाल, ढालीच्या दोन्ही बाजूंना लांब मिशांचे लॉबस्टर…
"अगं, ही तर आपली शेवंड!" बाबा ओरडलेच. ईराने शब्द लगेच उचलला. दिवसभर शेवंड, शेवंड.
मग मला म्हणाले, "मालवणला वरच्या खोलीत कमोड बसवून घेतलाय. तुम्ही कायमचे आलात की ईराची पंचाईत नको."
मी "छान" म्हटलं. छान काय, डोंबल.

शुक्र. १४
आज बेटाचा इतिहास. ज्वालामुखी फुटला, सगळ्यांना इंग्लंडला नेलं. घरं, नोकऱ्या, टीव्ही. मग विचारलं, राहायचं की परत जायचं? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सोडले तर सगळे परत.
"बघ. सगळं मिळालं होतं तिथे," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता. मी डिशवॉशरमधली भांडी काढून पुन्हा लावली.
निखिल म्हणतो, "आल्झो, हे बघ, कागदच आहे तो. सांगून टाक." ह्याचं काय जातंय! ह्याचे सासरेच ते, बाबा नाहीत ना.

सोम. १७
ईराने घरी रंगीत तालीम केली. शेवटी आजोबांसाठी खास मराठीत: "आजोबा, डोनर्सटागला, म्हणजे गुरुवारी, मम्मा जर्मन होणार. तुम्ही पण या. झेंडा देतात."
"कोण होणार?"
मग सांगावंच लागलं. आपला पासपोर्ट परत करावा लागेल, हेही. नोकरी, ईराची शाळा, व्हिसाच्या रांगा, सगळी कारणं दिली. खरं कारण एवढंच की मला इथेच राहायचंय. ते काही तोंडातून निघालं नाही.
बाबा इतकंच म्हणाले, "त्या बेटावरच्या एकेकाला विचारलं होतं गो."
ताटात भात तसाच. फार वाईट वाटतंय. आधी सांगितलं असतं तर तो कमोड तरी…

बुध. १९
रेफराट झकास झालं. शेवंडी सगळ्यांना आवडल्या. बाबांनी ईराची पाठ थोपटली. माझ्याशी कामापुरतं. उद्या त्यांचा गुडघा दुखणार आहे म्हणे, आजच कळलंय त्यांना.

गुरु. २०
सकाळी बघते तर बाबा दाढी करून, कोट चढवून, बूट घालून दारात उभे. "चल, एस-बान चुकेल."
आता लांडराट्सआम्टच्या, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीच्या, हॉलमध्ये बसून लिहितेय. निखिल-ईरा मागच्या रांगेत. व्यासपीठावर टेबल, त्यावर छोटे छोटे झेंडे. गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. इथे बसल्यावर हळूच म्हणाले, "परत गेले तेव्हा बहुतेकांची घरं तशीच होती."
मी टेबलावरचे झेंडे मोजत बसले.
"खोली मी तशीच ठेवतो. कमोडही असू दे."
म्हणायचं होतं, नका ठेवू बाबा. पण म्हटलं नाही.
नावं घ्यायला लागलेत. पुढची बाई उठली, आता मी. बाबांनी माझा डावा हात घट्ट धरलाय, आणि सोडत नाहीयेत.