शर्ट काढून बसायचं काम

९ फेब्रुवारी, दुपारचे तीन

तीर्थरूप ताई,

नमस्कार.

सकाळपासून कानात एक जुना आवाज वाजतोय. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात तुझ्या कात्र्या नि चिमटे खुळखुळायचे, तो. तू नर्सिंग शिकून आलीस आणि गल्लीतल्या बायका बाळंतपणाला तुलाच बोलवायला लागल्या, तेव्हाचा. तो खुळखुळाट ऐकला की आई म्हणायची, "निघाली आमची बाई, कुणाचं तरी बाळ आणायला." मी कोपऱ्यात कविता पाठ करत बसलेला असायचो. जाता जाता तू म्हणायचीस, "कविराज, पृथ्वीवर या आणि दाराला कडी घाला."

अठ्ठेचाळीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. वर्गात पत्रलेखन शिकवताना मुलांकडून 'विनंती विशेष' घोकून घेतलं, आणि आज माझी विनंती काय आहे तेच कागदावर उतरत नाही. तुझा पत्ता मावसभावाने दिला. निवृत्त झालीस तरी नव्या नर्सना शिकवायला जातेस म्हणाला. बरं वाटलं.

मी ठीक आहे. ही गेली त्याला चार वर्षं झाली, ते तुला कळलं असेलच. सध्या थोडा खोकला आहे, म्हणून दोन दिवस घरीच आहे.

बातमी अशी की मी आजोबा झालो. माझी लेक तू पाहिलेली नाहीस. आपल्या त्या पहिलीनंतर बारा वर्षांनी झालेली. तिचा रक्तदाब एकदम चढला, झटके आले, आणि डॉक्टरांनी दोन महिने आधीच बाळ काढलं. मुलगा. तेराशे ऐंशी ग्रॅम. लेक दुसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात आहे. आता शुद्धीवर आहे, पण उठू देत नाहीत. तिचं दूध काढून वाटीतून वर पाठवतात. जावई मालवाहू जहाजावर आहेत, त्यांना जमिनीला पाय लागायला अजून आठवडा तरी लागेल. राहता राहिलो मी.

पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या, बाळांच्या विभागातल्या सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, शर्ट काढा."

"म्हणजे?"

"म्हणजे बटणं उघडा आणि काढा. लाजताय कुणाला? इथल्या मंडळींचे डोळेसुद्धा अजून नीट उघडलेले नाहीत."

माझ्या छातीवर सगळे पांढरे केस, बाळाला टोचतील, म्हणालो. तर म्हणतात कशा, "उलट बरं, घसरणार नाही!" नखं तपासली, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, आरामखुर्चीत बसवलं. टोपी आणि लंगोट एवढ्यावर असलेला तो जीव माझ्या उघड्या छातीवर पालथा ठेवला आणि वरून कापडाने आम्हा दोघांना बांधून टाकलं. आईची ऊब मिळत नाही तोवर आजोबांची. सकाळी तीन तास, दुपारी तीन तास.

ताई, तुला हे नवीन नाही. तुला तर मुळीच नाही.

मध्येच उठलो होतो. पाणी प्यायलो, गॅलरीत जाऊन आलो. आज दर ओळीला उठतोय.

पाच दिवस नेमाने गेलो. हलक्या आवाजात त्याला शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचो. एकदा पाखरांची कविता म्हणता म्हणता भान सुटलं, आवाज चढला. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुमचं पाखरू झोपलंय, पलीकडची दोन उठवलीत." वजन आधी पंधरा ग्रॅमने उतरलं, मग चढायला लागलं. चौदाशे वीस झालं त्या दिवशी मी घरी येताना रस्त्यात अनोळखी माणसाला सांगितलं.

परवा दुपारी तो छातीवर असताना त्याचा श्वास थांबला.

कवितेच्या ओळीत यती येतो, क्षणभर थांबायचं नि पुढे जायचं. मला आधी तसंच वाटलं. पण पुढची अक्षरं येईनात. यंत्र ओरडायला लागलं. सिस्टर आल्या, धावल्यासुद्धा नाहीत, कापडातून त्याचा पाय बाहेर काढला नि तळव्याला बोटाने टिचकी मारली. त्याने अंग आखडलं आणि श्वास घेतला.

"विसरलं होतं हो," त्या म्हणाल्या. "वेळेआधी आलेली विसरतात. आपण आठवण करायची."

"पुन्हा होईल?"

"होईल की. म्हणून तर यंत्र आहे, मी आहे, तुम्ही आहात."

मी म्हणालो, मला खोकला येतोय, घ्या याला. शर्टाची बटणं वरखाली लावून जिना उतरलो. लेकीला न भेटता. फोन बंद करून कपाटात ठेवलाय.

खोकला नाही, ताई. पहिल्या पानावर तुलाही खोटंच लिहिलं.

त्या पहिलीच्या वेळी तू म्हणाली होतीस, "हिला पाळण्यात ठेवू नकोस. तिची आई तापाने फणफणलीय, तेव्हा तू छातीशी धर. पुस्तकात नाही हे, पण माझ्या मोठ्या सिस्टरने अशी तीन जगवलीत. मी ड्यूटी करून येते, तोवर हलू नकोस." मी तासभर धरली. मग शाळेत कवितापाठाची स्पर्धा होती, मी परीक्षक होतो. दोन दुलया घालून तिला पाळण्यात ठेवली आणि गेलो. पोरं फार सुरेख म्हणाली होती. मी आलो तेव्हा तू माझ्या आधी पोचली होतीस आणि तिला हातात घेऊन उभी होतीस.

हिने अंथरुणातून विचारलं, "तिला खाली कुणी ठेवलं?"

आणि मी म्हणालो, "ताईनेच सांगितलं होतं."

तू माझ्याकडे पाहिलंस. वाटलं, आता बोलशील. तू दुलईची घडी घातलीस. महिन्याभरात गल्लीतलं कुणी तुला बोलवेनासं झालं, वर्षाच्या आत तू बदली घेऊन गेलीस. ही शेवटपर्यंत तुझ्यावर राग धरून गेली, आणि मी शेजारी बसून तो राग धरू दिला.

क्षमा मागायला हा कागद नाही, ती मागायचं तोंड मला नाही. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती सांगू शकेल असं जगात तुझ्याशिवाय कुणी नाही. मी स्पर्धेला गेलो नसतो तर ती वाचली असती का? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. जे असेल ते लिही. ते कळल्याशिवाय माझा त्या खुर्चीकडे पाय

दारावर कुणीतरी आलंय.

ताई, उघडून आलो. पिवळ्या ड्रेसमधली एक बाई, हातात हेल्मेट. मी म्हटलं, कोण हवंय? ती म्हणाली, "खोकून दाखवा."

आवाजावरून ओळखलं. सिस्टरचा मास्कखालचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. माझ्या लेकीपेक्षा लहान असेल. ड्यूटी दोनला संपली, फॉर्मवरचा पत्ता शोधत आली.

"तुम्ही नाही तर कुणी नाही तिथे," म्हणाली. "तीस ग्रॅम उतरलंय दोन दिवसांत. तुमच्या लेकीला मी दोन्ही दिवस सांगितलं, आजोबा वर बसलेत. आता तिसऱ्यांदा मला खोटं बोलायला लावू नका."

मी म्हणालो, "मुली, माझ्या हातून मागे एक गेलंय."

तिने हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाली, "चला. वाटेत सांगा. शर्टाला इस्त्री शोधत बसू नका, तिथे काढायचाच आहे."

ती खाली स्कूटरपाशी थांबली आहे. हॉर्न वाजवतेय. तुझं उत्तर यायला आठवडा लागेल, आणि ते 'हो' असेल हे मला ठाऊक आहे असं वाटतं. तरी लिही. मला तोवर थांबता येत नाही. आधी दुसऱ्या मजल्यावर जाऊन लेकीला सगळं सांगतो, तुझ्या नावासकट. मग वर जाऊन बसतो.

तू कधीच पाळण्यात ठेवायला सांगितलं नव्हतंस,
हे माहीत असूनही आजवर न बोललेला
तुझा धाकटा