बाकड्याची दुसरी बाजू

हेग्गेदाल,
शनिवार, ९ फेब्रुवारी १८८४

श्रीमती सिग्रीबाई यांस,

सादर नमस्कार. माझा खोकला ओसरला आहे आणि खाडीवरचे बर्फ अजून टणक आहे. आपली व चिरंजीव हाल्वरची प्रकृती उत्तम असेल असे गृहीत धरतो आणि मुद्द्याकडे वळतो.

आपले नाताळचे पत्र रविवार, १३ जानेवारी रोजी, उपासना आटोपल्यावर, रिवाजाप्रमाणे चर्चच्या पायऱ्यांवर वाचले गेले. अमेरिकेहून आलेले पत्र कोणा एकाचे नसते, साऱ्या दरीचे असते, हे आपणांस ठाऊकच आहे. तीस वर्षे ते वाचण्याचे काम माझ्याकडे होते. या खेपेला मी अंथरुणात असल्यामुळे नवा चर्चसेवक एल्लिंग याने वाचले. वाचताना आपली वाक्ये सरळ करून घेण्याची मला सवय होती. एल्लिंगने ती जशीच्या तशी, वाकडीच वाचली. लोकांना ती अधिक आवडली, असे कळते. त्यावर मी मत देत नाही.

मात्र त्या पत्रातील एका विधानाची दुरुस्ती करणे माझे कर्तव्य आहे. आपण लिहिता : "अमेरिकेत कुठे राहायचं हे मास्तरांनीच ठरवलं. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि आम्ही तिथे गेलो. म्हणून आज आमच्याकडे सगळे याला मास्तरांचा उतार म्हणतात."

हे खरे नाही. बोट माझे नव्हते.

तीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी शाळेत अमेरिकेला निघालेली सहा कुटुंबे जमली होती. मधल्या टेबलावर शाळेचा नकाशा पसरला होता आणि त्यात अमेरिकेचा मधला भाग जवळजवळ पांढरा होता. जहाज कंपनीच्या माणसाने दिलेल्या पत्रकात सपाट मैदानांची स्तुती होती : झाड नाही, दगड नाही, नांगर घातला की सरळ क्षितिजापर्यंत. ते ऐकून आपले वडील म्हणाले, "जिथं झाड उगवत नाही तिथं माणूस काय उगवणार?" आणि पिठाच्या गिरणीचा ऊले म्हणाला, "बरोबर आहे. दमल्यावर पाठ टेकायला डोंगर नको?" सगळ्यांनी माना हलवल्या. सपाट काळी जमीन नको म्हणणारी माणसे पृथ्वीवर दुसरीकडे कुठे सापडतील असे मला वाटत नाही. परंतु आम्ही तशीच आहोत. आम्हांला जमीन उभी दिसली नाही तर ती जमीन वाटतच नाही.

मी त्या वेळी अक्षांशांविषयी काहीतरी सांगत होतो. आपण स्वयंपाकघरातून आलात. तिथे बायकांची भाकरी भाजणे चालू होते, आणि आपला हात पिठाचा होता. नकाशाकडे थोडा वेळ पाहून आपण म्हणालात, "इथं. इथं नदी एवढी वाकडी काढलीय, म्हणजे डोंगर असणारच. सरळ जायला जागा असती तर ती वाकडी कशाला गेली असती?" आणि त्या पांढऱ्या भागावर बोट ठेवलेत.

मी फक्त एवढेच म्हणालो की तर्क निर्दोष आहे. तेव्हा ज्यांना त्या उताराबद्दल कुरकुर करायची असेल त्यांनी योग्य व्यक्तीकडे करावी. आणि ज्यांना आभार मानायचे असतील त्यांनीही.

आता आपण विचारलेल्या प्रश्नाविषयी. हाल्वर टेकड्यांवरची शेती विकून डाकोटाच्या मैदानात जाऊ इच्छितो आणि आपण बरोबर यावे असा त्याचा आग्रह आहे. वसंतापर्यंत त्याला उत्तर द्यायचे आहे, आणि "मास्तरांनी पुन्हा एकदा नकाशा बघून सांगावं" असे आपण लिहिले आहे. हाल्वरचे म्हणणेही आपण प्रामाणिकपणे दिले आहे : "आई, इथं बटाटा लावला तर उगवायच्या आत गडगडत शेजाऱ्याच्या शेतात जातो. गायीचे दोन पाय आखूड असते तर बरं झालं असतं." तरुण माणसाच्या बोलण्यात अतिशयोक्ती असते, परंतु मुद्दा रास्त आहे.

डाकोटाच्या बाजूने सांगायचे तर माती काळी आहे, दगड नाही, आणि हाल्वर अठ्ठावीस वर्षांचा आहे. विरुद्ध बाजूने : लाकूड विकत घ्यावे लागते, पाणी खोल विहिरीतून काढावे लागते, आणि वाऱ्याला अडवणारे काही नाही. गिरणीच्या ऊलेचा पुतण्या तिथून लिहितो की हिवाळ्यात घरातून गोठ्यात जाताना दोरी धरून जावे लागते. राहण्याची आदर्श जागा कोणती, याचे आमच्या दरीतील म्हाताऱ्यांचे जुने सूत्र आपणांस पाठ आहेच : पाठीशी डोंगर, हाताशी पाणी, समोर येणारा माणूस दिसेल एवढी मोकळीक. डाकोटात यांपैकी फक्त तिसरी गोष्ट आहे. मात्र ती भरपूर आहे.

निर्णय मी देत नाही. हाल्वरने जावे, हे मला स्पष्ट दिसते. आपल्याविषयी जे म्हणायचे आहे ते पुढच्या पानावर आहे.

दरीतील इतर बातम्या : चर्चचे छप्पर गळते. ब्रीताची काळी गाय व्यायली, पाडी झाली. शाळेला नवा मास्तर मिळाला आहे, तो घर बदलण्याच्या दिवशी, म्हणजे १४ एप्रिलला, येईल. शाळेबरोबरचे घर त्याचे होईल. माझ्या पुतण्याने त्याच्या माडीवरची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. खोली कोरडी आहे.

येथे वाचणाऱ्याने थांबावे. आपल्याकडेही पत्रे चर्चच्या पायऱ्यांवर वाचतात हे मी जाणतो. पुढचे पान दुमडून, न वाचता, सिग्रीबाईंच्या हाती द्यावे आणि त्यानंतरच्या पानावरून पुढे वाचावे. दुकानदार पेडर वाचत असेल तर त्याला माझी ही सूचना दोनदा सांगावी.

*

सिग्री,

तुला "तू" लिहून तीस वर्षे झाली. बघ, हात अडखळला नाही.

त्या रविवारी दुपारी ब्रीता माझ्यासाठी लापशी घेऊन आली. वाडगा ठेवला, खुर्चीवर बसली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी विचारले, काय झाले?

"पत्र वाचलं आज एल्लिंगनं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. व्याकरण?"

"आग लागो तुमच्या व्याकरणाला. तिनं लिहिलंय, ओकखालच्या बाकड्याची एक बाजू बसून बसून गुळगुळीत झालीय, दुसरीवर शेवाळ धरतं, आणि ते ती दर वसंतात खरवडून काढते."

"हे ती दरवर्षी लिहिते."

"दरवर्षी लिहिते? आम्ही कसं नाही ऐकलं कधी?"

ऐकले होते, सिग्री. प्रत्येक वर्षी मी ते वाक्य वाचले होते, एक शब्द न गाळता. परंतु बटाट्याच्या भावाच्या आणि नवीन पाद्र्याच्या मधोमध, त्याच आवाजात. एल्लिंग तिथे थांबला. त्याला अक्षर लागेना म्हणून थांबला, एवढेच. आणि त्या शांततेत ब्रीता सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं बाई, कोणासाठी खरवडते ती?" त्यावर गिरणीचा ऊले म्हणाला, "कोणासाठी म्हणजे? तो काय, अंथरुणात खोकत पडलाय." सगळी दरी हसली म्हणे. पाद्रीसुद्धा.

"मास्तर," ब्रीता जाताना दारातून म्हणाली, "सगळ्यांना कळलं. तुम्हीच तेवढे राहिलात. लापशी गार होतेय."

मी राहिलो नव्हतो. मला तीन वर्षांपूर्वीच कळले होते. कसे ते सांगतो.

मला तुझी जागा माहीत आहे. कधी पाहिली नाही, पण इतकी माहीत आहे की आता खिडकीशी बसलो की मला समोर खाडी दिसत नाही. मला स्टेशनाकडून वर येणारा कच्चा रस्ता दिसतो. पहिल्या वळणावर जंगली सफरचंदाचे झाड, दुसऱ्यावर लाकडी पूल, त्याची एक फळी सैल (ती बसवली का?). मग चढ. चढ संपताना थोडा दम लागतो. तो मला इथे खुर्चीत बसूनही लागतो. मग ओकचे झाड, त्याखाली बाकडे. घर मागे, घराच्या मागे डोंगर. कुंपणाजवळ तू लावलेली आंबट फळांची झुडपे, त्यांचा इथे नसलेला वास. हे सगळे मी तुझ्या पत्रांतून, एकेका वर्षाला एकेक वस्तू आणून, जागच्या जागी ठेवले आहे. दुपारच्या वेळी तिथे फार शांत असते. कधी कधी मला वाटते की मी इथे राहत नाहीच. इथे फक्त माझी काठी आणि टोपी आहे, आणि मुले त्यांनाच नमस्कार करतात.

त्या सगळ्या चित्रात एकच गोष्ट बसेना. ओढा.

तुझ्या नवऱ्याने, नूटने, बाकडे केले त्या वर्षी, १८६२ मध्ये, तू लिहिलेस : "बसलं की सूर्य समोर मावळतो आणि ओढा उजव्या हाताला वाजतो." मी ओढा उजवीकडे ठेवला. सतरा वर्षे तो तिथे सुखाने वाहिला. मग १८७९ चे पत्र आले : "विणत बसते. ओढा डाव्या अंगाला असल्यामुळे त्या कानाला दुसरं काही ऐकू येत नाही."

मला वाटले, तुझी चूक झाली. तारखांत तू नेहमीच चुकतेस, मग डाव्या-उजव्यात का नाही? पुढच्या पत्रात तेच. त्याच्या पुढच्याही. मी आठवडाभर बेचैन होतो. ओढा जागा बदलत नाही. डोंगर बदलत नाही.

एके दिवशी मुलांची गणिते तपासता तपासता समजले. तू बाकडे फिरवले आहेस.

नूट गेल्यानंतर कधीतरी तू ते जड ओकचे बाकडे, बहुधा एकटीने, फिरवलेस. मावळत्या सूर्याकडे पाठ केलीस. आता समोर काय आहे? समोर पूर्व आहे. समोर चढ, पूल, सफरचंदाचे झाड. स्टेशनाकडून येणारा रस्ता.

हे तू कुठेही लिहिले नाहीस. लिहिणे शक्यही नव्हते. साऱ्या दरीदेखत मीच ते वाचले असते.

त्या जुन्या संध्याकाळी बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. तुझे नूटशी ठरले होते आणि तो चांगला माणूस होता. बाकडेही त्याने चांगले केले, नाहीतर इतके टिकले नसते. पण आता मला पुतण्याच्या माडीवरच्या कोरड्या खोलीत जायचे नाही. तिथल्या खिडकीतून फक्त गोठा दिसतो, आणि गोठ्याच्या जागी रस्ता ठेवून पाहिला, तो टिकत नाही.

म्हणून हा जुना नकाशा सोबत पाठवीत आहे. शाळेला नवा मिळाला, तेव्हा हा मी मागून घेतला. पांढऱ्या भागात नीट पाहा, प्रकाशाकडे तिरपा धरून. तुझ्या पिठाच्या बोटाचा ठसा अजून आहे. मी तिथे कधी काही लिहिले नाही.

तू हाल्वरबरोबर जायचे ठरवलेस, तरी माझी हरकत नाही. मैदानात ओढा नाही, तेव्हा डावे-उजवे कशावरून ठरवायचे ते आपण तिथे पाहू. बाकडे दोघांनी उचलले तर गाडीत चढते, हाल्वर असेलच. राहायचे ठरवलेस तर रस्ता मला पाठ आहे. जागा कोणती हे मागच्या वेळी तू ठरवलेस, आणि मला त्यात अजून दोष सापडलेला नाही. या वेळीही बोट तुझेच असू दे. फक्त या वसंतात शेवाळ खरवडू नकोस. ते काम मी करीन.

तुझा,
आस्लाक

*

येथून पुढे पुन्हा मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे वाचावे. सिग्रीबाईंच्या पत्रातील तारखांची दुरुस्ती :

नकाशाची संध्याकाळ. पत्रात : "१८५४ च्या नववर्षात." योग्य : शनिवार, ३ डिसेंबर १८५३. भाकरी नाताळसाठी भाजली जात होती, नंतर नव्हे.

सहा कुटुंबांनी दरी सोडली. पत्रात : "ऐन उन्हाळ्यात." योग्य : सोमवार, २४ एप्रिल १८५४. बर्फ होते. मी धक्क्यावर उभा होतो, मला आठवते.

नूट यांचे निधन. पत्रातील तारीख बरोबर आहे. तिला हात लावलेला नाही.

बाकडे फिरवले. पत्रांत तारीख नाही. समक्ष विचारून भरावी.

मास्तरांचे येणे. पत्रात : "मास्तरांना या म्हणून काय उपयोग, ते काही कधीच यायचे नाहीत." कधीच ही तारीख नव्हे. योग्य : ईस्टरनंतरचा सोमवार, १४ एप्रिल १८८४. त्या दिवशी जुन्या रीतीप्रमाणे भिंतीवरची पंचांगाची काठी हिवाळ्याच्या बाजूवरून उन्हाळ्याच्या बाजूवर उलटायची आणि ज्याला घर बदलायचे असेल त्याने बदलायचे. काठी उलटून निघेन. जहाज बर्गेनहून.

उतरण्याचे स्टेशन. ही जागा कोरी सोडली आहे. सिग्रीबाईंनी भरावी. उत्तर वेळेत न पोचल्यास टेकड्यांच्या स्टेशनावर उतरून, पुलाची सैल फळी सांभाळून, चढ चढून येईन.